मागच्या दारची चूल

मे महिन्यात चार दिवस गावी गेले होते. सकाळी सहाला उठून बघते तर स्वयंपाकघरात कोणी नाही. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, तिच्यावर क्रोशाचं झाकण, खाली सिलेंडरला हळदकुंकवाची दोन बोटं ओढलेली, आणि मागच्या दारातनं धूर आत येतोय. काकू पडवीत चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, पदर नाकाला, डोळे लालभडक.

म्हटलं, काकू अगं गॅस आहे ना घरात, मग हे काय?

तिनं मान वर न करताच सांगितलं, "गॅस पावण्याला, चूल घरच्याला." आणि मग, "तू पावणी हाईस. बस, तुझा चहा गॅसवर टाकते."

आता यावर काय बोलणार. पहिल्या दिवशी मला रागच आला खरं तर, कारण धुरानं बायकांच्या फुफ्फुसांचं काय होतं ते मी बरंच वाचलेलं, आणि काकूचा खोकला रात्री भिंतीपलीकडून ऐकू येत होता. पण नंतरचे दिवस मी गप्प बसून नुसतं बघायचं ठरवलं की ही चूल दिवसभरात करते तरी काय.

पहाटे अंघोळीचं पाणी, मोठ्या पातेल्यात, सगळ्या घराचं. मग भाकरी. भाकरी तव्यावर एक बाजू झाली, उलटली, की तवा उतरवून ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढं उभी लावायची, टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो, तेवढ्या वेळात शेजारच्या वैलावर आमटी आपोआप रटरटत असते म्हणजे एका जाळात दोन कामं. दुपारी म्हशीचं आंबोण. निखारे उरले की त्यात वांगं नाहीतर कांदा टाकायचा. राख बाजूला काढून ठेवायची, ती भांड्याला लागते, कांद्याच्या तरव्यावर टाकायला लागते, कडधान्यात मिसळायला लागते किडीसाठी. थंडीत तिच्याभोवती बसायचं. रात्री पोतेरं घालून ती पुसून ठेवायची. एवढ्या सगळ्या कामांपैकी गॅसची शेगडी करते एकच काम, स्वयंपाक, आणि तोसुद्धा लहान भांड्यातला. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं तर सिलेंडर पंधरा दिवसात बसेल हे काकूला कोणी शिकवायची गरज नाही.

म्हणजे मी ज्याला हट्ट समजत होते तो तिचा हिशोब होता. आणि हा हिशोब मला नवीन नव्हता, आमच्या घरात तो माझ्या लहानपणापासून चाललाय, फक्त इंधनं वेगळी होती.

आम्ही तालुक्याच्या गावात राहायचो, दोन खोल्या, चूल मांडायला जागाच नाही, त्यामुळे आईचं सगळं आयुष्य रॉकेलवर. रॉकेल म्हणजे मूळचं रॉक ऑइल, आणि घासलेट म्हणजे म्हणे गॅसलाइट, दोन्ही शब्द साहेबाचे पण आपल्या तोंडात असे बसलेत की अस्सल देशी वाटतात. महिन्यातून एकदा रेशनच्या दुकानावर बातमी यायची "रॉकेल आलंय" आणि गल्लीतनं कॅन, डबे, प्लॅस्टिकच्या बरण्या घेऊन पोरं पळत सुटायची. रांगेत माणसांच्या आधी डबे उभे असायचे. दुकानदार पिंपात माप बुडवायचा, माप वर काढताना मुद्दाम जरा जोरात, म्हणजे वर फेस येतो आणि फेसाला माप भरलं म्हणतात. आई घरी आल्यावर कॅन उजेडाकडं धरून बघायची, बोटभर कमी. रंग निळा. रेशनच्या रॉकेलमध्ये सरकार निळा रंग घालायचं, कारण स्वस्तातलं रॉकेल खुल्या बाजारात आणि डिझेलमध्ये पळवलं जायचं, रंग असला की पकडता येतं असा विचार. लहानपणी मला तो निळा रंग फार आवडायचा. त्याच्या मागं केवढा मोठा धंदा आहे हे २०११च्या २५ जानेवारीला सगळ्यांनाच कळलं, जेव्हा मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणेंना भरदिवसा जाळून मारलं. गरिबाच्या स्टोव्हचं इंधन स्वस्त ठेवायचं आणि ट्रकच्या टाकीत जाणारं महाग, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात, मग मधल्या फरकावर माणसं जगणार आणि माणसं मारणारच. पुढं हळूहळू रेशनचं रॉकेलच बंद होत गेलं.

तर स्टोव्ह. दोन होते. एक वातीचा, दहा वातींचा, संथ, कमी उजेडाचा, भांडी काळी करणारा. दुसरा पंपाचा, पितळी, आईच्या माहेरचा. हा पेटवणं हे एक कर्मकांड होतं. आधी बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा, तो पेटवून बर्नर चांगला तापू द्यायचा, कारण आतल्या नळीतल्या रॉकेलची वाफ झाल्याशिवाय तो जळत नाही. मग चावी बंद करून पंप मारायचा. घाई केली, बर्नर पुरता तापायच्या आधी पंप मारला, तर वाफेऐवजी रॉकेलच वर येतं आणि पिवळा भडका छताकडं. नीट जमलं की आधी फुत्कार, मग फुर्रर्र करून निळी ज्योत, आणि त्या आवाजात रेडिओ ऐकू यायचा नाही. भोकात काजळी अडकली की पिन मारायची, पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसाएवढी तार, ती नेमकी भोकात घालायला आईला चष्मा लागायच्या आधी दोन सेकंद लागायचे आणि चष्मा लागल्यावर ते काम माझ्याकडं आलं. पंपातला चामड्याचा वायसर सुकला की त्याला गोडंतेल लावायचं. स्टोव्ह रिपेअरवाला सायकलवरनं गल्लीत यायचा, "इस्टो रिपेऽर", तो माणूस आणि तो धंदा कधी नाहीसा झाला कळलंच नाही.

आणि पेपरात एक ठरलेली ओळ असायची, "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू". मी ते वाचून आईला सांगायचे की सांभाळून पेटव. आई काही बोलायची नाही. मोठी झाल्यावर कळलं की सगळेच भडके स्टोव्हचे नसायचे. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ कलम १९८३ला आलं, हुंडाबळीचं ३०४ ब १९८६ला, आणि तरी ती ओळ पेपरात बरीच वर्षं तशीच छापून येत राहिली. सासूला न भडकणारा आणि फक्त सुनेलाच भडकणारा असा कुठला स्टोव्ह असतो, हे आमच्या शेजारच्या मावशी भर गल्लीत विचारायच्या, त्या एकट्याच.

गॅससाठी नंबर लावून सहा वर्षं झाली होती. आत्ताच्या पोरांना हे सांगितलं तर थट्टा वाटते. भारतात घरगुती गॅस पन्नाशीच्या दशकात मुंबईतून सुरू झाला, इंडेनचं पहिलं कनेक्शन १९६५चं कलकत्त्यातलं, पण तालुक्याच्या गावात तो यायला आणि आमच्यासारख्यांचा नंबर लागायला ऐंशीचं दशक संपावं लागलं. खासदाराच्या कोट्यातून शिफारस आणली तर लवकर मिळायचा, पण खासदारापर्यंत पोचायला जी ओळख लागते ती असती तर मग काय हवं होतं. शेवटी एकदा चिठ्ठी आली. लाल सिलेंडर सायकल रिक्षातनं आला, बाबांनी पेढे आणले, आईनं पहिल्यांदा दूध ठेवलं, आणि पाच मिनिटांत ते उतू गेलं कारण तिला त्या वेगाची सवयच नव्हती. रेशन कार्डावर गॅसचा शिक्का बसला आणि रॉकेलचा कोटा कापला गेला.

पण आईनं स्टोव्ह विकला नाही. दोन्ही नाही. पंपाचा माळ्यावर गेला, वातीचा मोरीजवळ अंघोळीच्या पाण्याला राहिला, आणि निळं नाही तर पांढरं, ब्लॅकनं का होईना, पाच लिटर रॉकेल कायम कॅनमध्ये. बाबा म्हणायचे आता कशाला. आई म्हणायची असू दे.

तिचा गॅसवर विश्वास कधीच नव्हता. ज्योतीवर होता, पुरवठ्यावर नव्हता. सिंगल सिलेंडर, संपला की नंबर, नंबर लागला की पंधरा दिवस, महिना, आणि संपणार नेहमी पाहुणे आल्यावर किंवा पुरण शिजत असताना. म्हणून तिनं सिलेंडर किती उरलाय ते ओळखायची विद्या मिळवली होती. ओल्या फडक्यानं सिलेंडर वरपासून खालपर्यंत पुसायचा आणि बाजूला होऊन बघत बसायचं. वरचा भाग आधी सुकतो, खालचा ओला राहतो, आणि मध्ये एक सरळ रेषा दिसते, तिथपर्यंत गॅस. आत तो द्रव असतो ना, प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली पातळ केलेले, तो द्रव पत्रा गार ठेवतो म्हणून तिथलं पाणी उशिरा वाळतं. आईला प्रोपेन ब्युटेन माहीत नव्हतं. रेषा माहीत होती. सिलेंडरच्या वरच्या कडीला आतून लिहिलेलं ते ए, बी, सी, डी आणि पुढचा आकडा म्हणजे टाकी पुन्हा तपासायची मुदत, वर्षाच्या चार तिमाहींपैकी कुठली आणि कुठलं साल, हे मात्र तिला गॅसवाल्या पोरानंच सांगितलेलं आणि मग त्याच्याच तीन टाक्या तिनं परत पाठवल्या.

आणि कॅलेंडर. मराठी घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, दुधाचे खाडे, पाळीची तारीख खुणेनं, आणि "गॅस लावला". आई गेल्यावर कपाट आवरताना मला तिची जुनी कॅलेंडरं सापडली, सुतळीनं बांधलेली. त्यात घराचा सगळा इतिहास आहे. एका सिलेंडरला ५२ दिवस, ४८ दिवस, दिवाळीत ३५, बाबा आजारी होते तेव्हा पाणी सतत तापवायचं म्हणून २९. एका वर्षी ७३ दिवस. मी बराच वेळ त्या ७३कडं बघत होते, मग आठवलं, त्या वर्षी बाबांची मिल बंद होती. २०१२च्या सप्टेंबरचं पान तर खोडाखोडीनं भरलंय, सरकारनं वर्षाला सबसिडीचे सिलेंडर सहाच केले तेव्हाचं, मग पुढच्या जानेवारीत नऊ झाले, त्याच्या पुढच्या वर्षी बारा. आईनं पानाच्या कडेला भागाकार केलाय, ३६५ भागिले ६, उत्तर ६०, आणि त्याखाली फक्त "बघू".

लोडशेडिंगच्या काळात, दोन हजार पाच-सहा पासून पुढं, आमच्याकडं दिवसातनं बारा बारा तास लाइट नसायची तेव्हा तर सगळ्या गोष्टींना दुसरी गोष्ट लागायची. इन्व्हर्टरला कंदील, कंदिलाला मेणबत्ती, मिक्सरला पाटा. आपण ज्याला ऊर्जेचा पुरवठा म्हणतो तो आपल्याकडं कंपनीच्या पलीकडं अर्धा घरातली बाई सांभाळत असते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

आता परत काकूकडं. तिला गॅस मिळाला उज्ज्वलातून. ही योजना १ मे २०१६ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली, कनेक्शन घरातल्या बाईच्या नावावर, अनामत वगैरे मिळून सरकारचे १६०० रुपये, आणि शेगडी आणि पहिला सिलेंडर हवा तर कर्जावर, जे पुढच्या सबसिडीतून कापून घ्यायचं. आठ कोटी कनेक्शनचा टप्पा २०१९च्या सप्टेंबरात गाठला, तो कार्यक्रम आपल्या औरंगाबादलाच झाला होता. मी योजनेला नावं ठेवणार नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या ४९ टक्के घरांत मुख्य इंधन लाकूड होतं, गॅस साधारण साडेअठ्ठावीस टक्के घरांत, बाकी गोवऱ्या, पिकांची धाटं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं ५८.६ टक्क्यांवर गेली. एवढी उडी दहा वर्षांत, आणि ज्या बायकांना कधीच कोणी नंबरसुद्धा लावू दिला नसता त्यांच्या घरात.

फक्त एक गंमत आहे. या पाहण्यांत प्रश्न असा असतो की स्वयंपाकासाठी तुम्ही मुख्यतः कुठलं इंधन वापरता. उत्तर एकच. काकूला विचारलं तर ती गॅसच सांगणार, सरकारी माणसासमोर चूल कोण सांगतं, आणि झाली ती स्वच्छ इंधनाच्या रकान्यात जमा, डोळे लाल असतानाच.

उज्ज्वलातल्या घरांचा सरकारचाच हिशोब सांगतो की २०१९-२० मध्ये ही घरं वर्षाला सरासरी तीन सिलेंडर घेत होती, अलीकडं ते साडेचारच्या आसपास आलंय. तीन सिलेंडर म्हणजे एक टाकी चार महिने. आईचं सगळ्यात हलाखीचं वर्ष ७३ दिवसांचं होतं हे लक्षात घ्या. म्हणजे बाकीचा स्वयंपाक कशावर होतो ते सांगायला नको. दर बघितले की कारण कळतं, २०२२च्या मे महिन्यात घरगुती सिलेंडर हजारावर गेला, मग उज्ज्वलावाल्यांना दोनशेची, नंतर तीनशेची सबसिडी आली, पण ती खात्यावर नंतर येते आणि पैसे आधी मोजावे लागतात. रोजगारावर जाणाऱ्या बाईच्या हातात एकदम आठशे-नऊशे रुपये कधी असतात? जळण थोडं थोडं आणता येतं. सिलेंडर थोडा थोडा घेता येत नाही, निघाले छोटे पाच किलोचे, पण गावात ते दिसत नाहीत.

एका संध्याकाळी मी बसून मोबाइलवर एक हिशोब मांडला. सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस. एका किलो गॅसमध्ये साधारण ४५ मेगाज्यूल उष्णता, चांगल्या शेगडीतून त्यातली साठ टक्के तरी भांड्याला लागते. वाळलेल्या लाकडात किलोला १५ मेगाज्यूल, आणि साध्या मातीच्या चुलीत त्यातली दहा-बारा टक्केच भांड्याला लागते, बाकी आजूबाजूला आणि आभाळात. म्हणजे एका सिलेंडरचं काम करायला दोन ते अडीच क्विंटल लाकूड. डोक्यावरची मोळी वीस-पंचवीस किलोची धरली तर दहा मोळ्या. काकूला सांगितलं, काकू, एक टाकी म्हणजे दहा मोळ्या गं. ती म्हणाली, "हां, मग मोळी नव्वद रुपयाला पडली. कोन देतंय मला नव्वद रुपये?"

यावर मी गप्प. कारण तिचं बरोबर होतं आणि चूकही होतं. एका मोळीला ओढ्याच्या काठानं वेडी बाभूळ तोडत, काटे काढत, अर्धा दिवस जातो, पण तो अर्धा दिवस कोणी विकत घेत नाही तर तो फुकट. घरात पैसे मोजायचा निर्णय काका करतात आणि खोकते काकू. काकांना मोटारसायकलचं पेट्रोल कधी महाग वाटलेलं मी पाहिलं नाही, म्हणजे वाटतं, बोलतात, पण भरतात.

धुराचं मोजमाप काही आजचं नाही. कर्क स्मिथ नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन बसला होता, चुलीपुढच्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं अडकवून त्या श्वासातनं काय ओढतात ते मोजायला. तोपर्यंत हवेचं प्रदूषण म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं कारखान्याची चिमणी यायची. त्यानं दाखवलं की सगळ्यात घाण हवा खेड्यात, घराच्या आत, आणि तीही स्वयंपाकाच्या वेळेला. १९८३ला ते छापून आलं. माणूस पुढं आयुष्यभर त्याच विषयाला चिकटला, २०२०ला गेला. तरी आमच्या काकूला धूर म्हणजे आजार वाटत नाही, धूर म्हणजे स्वयंपाक चाललाय एवढंच वाटतं. तिच्या सासूचे डोळे पन्नाशीत गेले, ते "म्हातारपणानं".

त्याच १९८३च्या आसपास सरकारची सुधारित चुलींची योजना पण निघाली होती, निर्धूर चूल, मागं सिमेंटचं धुराडं. आमच्या गावात आल्या होत्या वीस-एक. धुराडं काजळीनं तुंबलं की साफ कोण करणार यावर घराघरांत भांडणं, पावसाळ्यात कौलातल्या भोकातनं पाणी गळायचं, शेवटी लोकांनी धुराड्याच्या तोंडाला चिंधी कोंबली आणि चूल परत होती तशी झाली. २००२ला योजना बंदच केली.

आणि गोबरगॅस. तो आमच्या घराचा अभिमानाचा विषय होता. गोठ्यामागं काकांनी नव्वद सालच्या आसपास बांधून घेतला, लोखंडी टोपण वर-खाली होणारा. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ला मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते, म्हणजे हा प्रकार आपल्याकडं शंभर वर्षं जुना आहे असं काका येईल त्याला सांगायचे, पुस्तिकेत वाचलेलं. बरीच वर्षं झकास चालला. शेण कालवायचं काम अर्थात काकूकडं, एक पाटी शेणाला एक पाटी पाणी, हातानं खडे काढत. पण ज्योत निळी, धूर नाही, मळी शेताला. काकू अजून म्हणते त्याच्यासारखं सुख नव्हतं. मग २००३चा दुष्काळ आला, प्यायला टँकर, तर शेणात ओतायला पाणी कुठलं, आणि चारा नाही म्हणून चारातली तीन जनावरं विकली. एका म्हशीवर गॅस होत नाही. टोपण गंजलं. आता त्या खड्ड्यात अळू उगवलंय आणि त्याची वडी मात्र छान होते.

मी हे सगळं ज्या तोऱ्यात बघत होते तो तोरा पुण्यात परत आल्यावर उतरला. माझ्या फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आहे, दोन महिन्यांनी बिल, कॅलेंडरवर काही लिहायला लागत नाही. पण माझ्या ओट्याखाली काय काय आहे ते मी मोजलं. एक इंडक्शन, लॉकडाऊनमध्ये घाबरून घेतलेलं. एक भरलेला जुना सिलेंडर, जो मी परत केलेलाच नाही. मायक्रोवेव्ह. सोसायटीचं सोलर, ते ढगाळ दिवशी चालत नाही म्हणून गीझर, गीझरची लाइट गेली तर गॅसवर पातेलं. आणि सगळ्यात वर, माळ्यावर, आईचा पितळी स्टोव्ह. तो मी शो म्हणून ठेवलाय असं सगळ्यांना सांगते. पिन पण आहे.

आणि चुकीचं काय त्यात? देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, बहुतेक आखातातून, जहाजं होर्मुझच्या चिंचोळ्या तोंडातून निघतात, दर सौदीच्या भावावर हलतात. तिकडं कोणी कोणाकडं डोळे वटारले की इकडं एजन्सीसमोर रांग लागते. १९९०ला कुवेत पेटलं तेव्हा आमच्या आईनं रॉकेलचा दुसरा कॅन विकत घेतला होता. तिला कुवेत नकाशात दाखवता आलं नसतं.

तर गावातला शेवटचा दिवस. माझ्या चहानंच गॅस संपला, चार दिवस "पावण्याला" म्हणून दिवसातनं सहा वेळा टाकलेला. काकूनं नंबर आधीच लावला होता, म्हणजे लावायला लावला होता, आणि गाडी त्या दिवशी फाट्यावर येणार होती. घरपोच असं लिहिलेलं असतं पण गाडी फाट्यावरच थांबते. शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर रिकामी टाकी आडवी टाकून तो पुढं, मी आणि काकू चालत मागं, काकूच्या हातात कार्ड आणि पैसे रुमालात बांधलेले. बारा-पंधरा बायका, तेवढ्याच टाक्या, ऊन.

आमचा नंबर आला. पोरगा म्हणाला, कोड सांगा मावशी.

कार्ड काकूच्या नावावर. कार्डाला जोडलेला मोबाइल नंबर तिच्या मुलाचा, कारण त्या वेळी घरात तोच एक मोबाइल होता, आणि मुलगा आता चाकणला कंपनीत, शिफ्टला जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी सात वेळा फोन लावला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. पोराला म्हटलं अरे बाबा कार्ड हिचं, माणूस ही, फोटो हिचा. तो वाईट नव्हता. मशीन दाखवलं, "कोडशिवाय पुढंच जात नाही ताई, बघा." मागच्या बाया म्हणायला लागल्या सरका. गाडी पुन्हा शुक्रवारी.

रिकामी टाकी परत आली. काकू येताना काही बोलली नाही, वाटेत बांधावर दोन वाळक्या फांद्या दिसल्या त्या मोडून घेतल्या, मी पण एक उचलली. दुपारचा चहा चुलीवर झाला, धुराचा वास होता त्याला, आणि खोटं कशाला बोलू, छान होता.

संध्याकाळी सातला मुलाचा फोन आला, अगं आई कोड आला होता की सकाळीच. काकूनं मला लिहून घ्यायला सांगितलं. म्हटलं तो आता नाही चालायचा, शुक्रवारी दुसरा येईल. तरी तिनं पेन घेतलं, कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात चारही आकडे एकेक करून काढले, आणि पेन परत खिळ्याला अडकवून चुलीवरचं दूध बघायला गेली.